युनियन आणि सरकार कार कंपनीचे मालक झाले, तर कामगारांचं राज्य येतं का?

तुम्ही अमेरिकेतल्या २००९ सालाबद्दल विचारलंय. नाही आलं. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पत्र्याच्या प्रेसवर २२ वर्षं काढली, त्यातली सहा युनियनच्या कमिटीवर, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जनरल मोटर्स (जीएम) या कार कंपनीने १ जून २००९ला दिवाळखोरीचा अर्ज केला. नव्या कंपनीत अमेरिकी सरकारचा हिस्सा सुमारे ६१ टक्के होता आणि युनियनच्या निवृत्त कामगारांच्या आरोग्य ट्रस्टचा १७.५. क्रायस्लर या दुसऱ्या अमेरिकी कार कंपनीत तर अशाच ट्रस्टला ५५ टक्के मिळाले. पण ट्रस्टने हे शेअर हौसेने घेतले नव्हते. निवृत्तांच्या औषधपाण्याचे अब्जावधी डॉलर कंपन्या देणं लागत होत्या. रोकड नव्हती, म्हणून त्यातला बराच भाग शेअर करून गळ्यात घातला.

आमच्याकडे एका छोट्या कारखान्याच्या मालकाने हेच करून पाहिलं होतं. तीन महिन्यांचा पगार थकलेला, आणि हा गेट मीटिंगला येऊन म्हणतो, पगाराऐवजी शेअर घ्या, तुम्हीही मालक! मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या वेल्डरने विचारलं, "हो कागद पोसऱ्यार चलता?" (हा कागद दुकानात चालतो का?) मीटिंग तिथेच मोडली.

अमेरिकेतल्या ट्रस्टला जीएमच्या संचालक मंडळावर एकच माणूस सुचवता येत होता. उलट युनियनने पगाराच्या मागण्यांसाठी २०१५पर्यंत संप न करण्याचं कबूल केलं. आमच्या कमिटीने अशा सेटलमेंटवर सही केली असती, तर गेटबाहेर पडणं मुश्किल झालं असतं.

सरकारने जीएममध्ये सुमारे ४९.५ अब्ज डॉलर घातले, डिसेंबर २०१३मध्ये शेवटचे शेअर विकले आणि दहा अब्जांहून जास्त तोटा सोसला. पण म्हणून सरकारी मालकी म्हणजे बुडीत धंदा, हे मला पटत नाही. मारुती १९८१ साली सरकारी कंपनी म्हणूनच निघाली; १९८२मध्ये सुझुकी आली, तेव्हा तिचा हिस्सा २६ टक्के. आपल्या गोव्यातही १९८० साली सरकारच्या आर्थिक विकास महामंडळाने टेल्कोबरोबर (आजची टाटा मोटर्स) ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा काढली, होंड्याला. (होंडा हे गावाचं नाव. जपानी कंपनीशी काही संबंध नाही, पाहुणे दरवेळी विचारतात.) ही कंपनी बसच्या बॉड्या अजून बनवते.

आणि तो क्रायस्लरचा ट्रस्ट? त्याने उरलेला सगळा हिस्सा जानेवारी २०१४मध्ये फियाट या इटालियन कार कंपनीला विकून टाकला. दवाखान्याची बिलं रोखीनेच भरायची होती.