एका रिंगचा निरोप

प्रश्न : माझी लेक नोकरीसाठी परगावी असते. रोज रात्री खोलीवर पोचली की ती माझ्या फोनवर एकच रिंग देऊन कट करते. मी उचलत नाही. यजमान म्हणतात, "एक शब्द बोलत नाही, याला काय संवाद म्हणायचं?" तुम्ही काय सांगाल?

उत्तर : ताई, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, तेव्हा मी तुमच्या लेकीच्याच बाजूने बोलणार. फोनला घंटा बसवली ती माणसाला फोनपाशी बोलावण्यासाठी. त्या घंटेचा अर्थ 'पोचले' असा तुम्ही मायलेकींनी लावलात. तोवर ते नुसतं यंत्र होतं, तुमच्या संकेताने त्याचं माध्यम झालं. असा संकेत कारखान्यात बसवून मिळत नाही.

रेडिओ असाच घडला. बिनतारी यंत्रणा आधी मुख्यतः जहाजांना संदेश देण्यासाठी वापरत. हवेतला संदेश कोणीही ऐकू शकतो, ही तिची मोठी खोट समजली जाई. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या पिट्सबर्गजवळ फ्रँक कॉनरॅड नावाचे इंजिनियर आपल्या गॅरेजमधून प्रक्षेपणाच्या चाचण्या घेत. एकदा त्यांनी बोलण्याऐवजी ग्रामोफोनच्या तबकड्या लावल्या, आणि हौशी लोकांची पत्रं येऊ लागली : अमुक गाणं लावा, तमुक वेळी लावा. मग त्यांनी कार्यक्रमाच्या वेळाच ठरवून टाकल्या. लोक ऐकताहेत हे त्यांच्या कंपनीने हेरलं आणि 2 नोव्हेंबर 1920 रोजी केडीकेए केंद्रावरून अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगितले. जी खोट होती तिचाच ऐकणाऱ्यांनी गुण केला. मला ही हकीकत फार आवडते, कारण त्यात पत्रं लिहिणाऱ्यांचा वाटा इंजिनियरइतकाच आहे.

ई-मेलचंही तेच. अर्पानेट, म्हणजे इंटरनेटच्या आधीचं अमेरिकेतलं संगणकांचं जाळं, उभारलं ते दूरदूरचे संगणक सामायिक वापरता यावेत म्हणून. 1971 मध्ये रे टॉमलिन्सन यांनी त्यावरून एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडला, आणि काही वर्षांतच त्या जाळ्यावर पत्रांचीच वर्दळ जास्त झाली.

रात्रपाळीला दुसऱ्या गावच्या ऑपरेटरला मी दोनदा रिंग द्यायचे : जागी आहेस ना? ती एकदा द्यायची. कुठल्याच नियमावलीत हे नव्हतं. आम्ही एकमेकींना कधी पाहिलंही नव्हतं, पण तिची रिंग आली नाही की माझा जीव खालीवर व्हायचा.

यजमानांना विचारा, एखाद्या रात्री ती रिंग आली नाही तर त्यांना झोप लागेल का? आणि दोन रिंग आल्या तर काय समजायचं, तेही लेकीशी आजच ठरवून घ्या.