ग्लेनको म्हणजे 'आसवांची दरी' का?

प्रश्न असा आला आहे: स्कॉटलंडच्या सहलीत वाटाड्याने 'ग्लेनको' या नावाचा अर्थ 'आसवांची दरी' असा सांगितला. तिथे झालेल्या कत्तलीवरून हे नाव पडलं म्हणे. हे खरं का? आणि प्रवासवर्णन लिहिताना अशा गोष्टीला आख्यायिका म्हणावं, दंतकथा म्हणावं, की आणखी काही?

आधी नाव बघू. 'ग्लेन' म्हणजे दरी. हा शब्द मूळ गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतला. 'को' हे त्या दरीतून वाहणाऱ्या नदीचं नाव. ग्लेनको म्हणजे को नदीची दरी, एवढंच. आसवं त्यात कुठेच नाहीत.

कत्तल मात्र खरी आहे. राजा विल्यमशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायला १ जानेवारी १६९२ पर्यंत मुदत होती. ग्लेनकोच्या मॅकडोनाल्ड कुळाच्या प्रमुखाला ती घ्यायला काही दिवस उशीर झाला. पुढे सरकारी शिपाई दरीत आले, जवळजवळ दोन आठवडे लोकांच्या घरी पाहुणे म्हणून राहिले, आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे ज्यांच्या चुलीवरचं खाल्लं त्यांच्यावरच उठले. सुमारे ३८ जण मारले गेल्याचं परंपरेने सांगतात. बर्फातून डोंगरात पळालेल्यांपैकी कित्येक गारठून गेले. हे वाचताना आजही पोटात कालवतं, आणि म्हणूनच 'आसवांची दरी' हा अर्थ मनाला लगेच पटतो.

पण त्या तुकडीच्या कप्तानाला आदल्या दिवशी मिळालेला लेखी हुकूम स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेला आहे. कोणावर तुटून पडायचं, तर 'ग्लेनकोच्या मॅकडोनाल्डांवर', असं त्यातच लिहिलं आहे. म्हणजे पहिला घाव पडण्याआधी नाव होतंच. स्थलनामांची गोष्ट ऐकली की मी पहिल्यांदा हेच ताडून बघतो: आधी नाव की आधी घटना?

हा अर्थ छापून ठामपणे सांगणाऱ्यांत मेकॉलेही आहे, १८३५च्या शिक्षणविषयक टिपणामुळे आपल्याला माहीत असलेला तोच. १८५५ साली आलेल्या त्याच्या इंग्लंडच्या इतिहासाच्या खंडांत 'गेलिकमध्ये ग्लेनको म्हणजे रुदनाची दरी' असं सरळ विधान आहे. तेव्हा तुमच्या वाटाड्याला दोष देऊ नका. त्याच्यामागे फार मोठं नाव उभं आहे.

अशा अर्थाला मराठीत 'लोकव्युत्पत्ती' हा नेमका शब्द आहे. ज्या भाषेतून नाव आलं ती विसरली गेली, किंवा मूळ अर्थ कळेनासा झाला, की माणसं त्या ध्वनीत आपल्या ओळखीचा शब्द शोधतात. त्याभोवती गोष्ट रचली जाते ती दंतकथा. या दोन वस्तू वेगळ्या आहेत. ग्लेनकोची घटना इतिहास आहे, नावाचा अर्थ लोकव्युत्पत्ती आहे, आणि दंतकथा तिथे नाहीच.

दोन्ही एकत्र बघायच्या असतील तर लॉख नेस या सरोवराकडे जा; 'लॉख' म्हणजेच सरोवर. ('लॉक' नको. शेवटचा ध्वनी उर्दूतल्या 'ख़'सारखा घशातला आहे, म्हणून 'लॉख' जवळचं.) गोष्ट अशी की पूर्वी तिथे सुपीक खोरं होतं आणि त्यात एक विहीर होती. पाणी काढलं की झाकणाचा दगड परत ठेवायचा, असा दंडक होता. एके दिवशी पाणी भरणाऱ्या बाईला आपल्या मुलाचं रडणं ऐकू आलं, ती तशीच धावली आणि दगड ठेवायचा राहिला. विहीर उतू गेली, खोरं बुडालं. डोंगरावर पळालेले लोक ओरडत राहिले: 'हा लॉख निश आउन!' गेलिकमध्ये 'हा' म्हणजे आहे, 'निश' म्हणजे आता, 'आउन' म्हणजे तिथे. तिथे आता सरोवर आहे! आणि लॉख नेसचं गेलिक नाव 'लॉख निश' असंच उच्चारतात.

किती बेमालूम बसवलंय हे! पण नेस हे मुळात नदीचं नाव. सातव्या शतकाच्या अखेरीस आडोव्नान या मठाधिपतीने संत कोलंबा या ख्रिस्ती धर्मप्रसारकाचं चरित्र लॅटिनमध्ये लिहिलं, त्यात ही नदी 'नेसा' म्हणून येते. नद्यांची नावं बहुधा आसपासच्या गावांच्या नावांहून जुनी असतात. तरी ही कथा मला टाकाऊ वाटत नाही. तिच्यातला श्लेष फक्त गेलिकमध्येच लागतो, त्यामुळे ती कोणत्या भाषेत जन्मली हे तीच सांगते.

उलट उदाहरण टारबर्टचं. स्कॉटलंडमध्ये या नावाच्या, किंवा 'टारबेट' अशा, बऱ्याच जागा आहेत. अर्थ: दोन पाण्यांमधली जमिनीची चिंचोळी पट्टी, जिच्यावरून होड्या ओढून न्यायच्या. किनटायर या द्वीपकल्पावरच्या टारबर्टची गोष्ट नॉर्स सागांमध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या जुन्या वीरकथांमध्ये, आहे. १०९८ च्या सुमारास नॉर्वेचा राजा मॅग्नस याला करारानुसार होडीने वळसा घालता येतील तेवढी बेटं मिळायची होती. तो होडीत सुकाणू धरून बसला, होडी जमिनीवरून ओढायला लावली आणि सगळं किनटायर 'बेट' म्हणून पदरात पाडून घेतलं. नाव मॅग्नसमुळे पडलेलं नाही, पण इथे नाव आणि गोष्ट एकमेकींना साक्ष देतात.

राहिला 'आख्यायिका'. संस्कृत काव्यशास्त्रात आख्यायिका म्हणजे खऱ्या वृत्तावरची रचना. बाणाचं 'हर्षचरित' ही आख्यायिका, त्याचीच 'कादंबरी' ही कथा, म्हणजे कल्पित. मराठीत मात्र तो शब्द सरकत सरकत दंतकथेच्या शेजारी येऊन बसला आहे. म्हणून मॅग्नसच्या गोष्टीला मी आख्यायिका म्हणेन, नेसच्या विहिरीला दंतकथा. ग्लेनकोबद्दल तुम्ही असं लिहू शकाल: 'को नदीची ही दरी, १६९२च्या कत्तलीनंतर लोकांना तिच्या नावात आसवं ऐकू येऊ लागली.'