सुक्या कचऱ्याच्या डब्यांना सेन्सर लावल्यास मुंबईत कचरागाड्यांच्या फेऱ्या कमी होतील का?

होतील, मात्र फक्त सुक्या कचऱ्याच्या. ओला कचरा इथल्या दमट हवेत लगेच कुजू लागत असल्याने डबा अर्धा रिकामा असला तरी तो रोज उचलावाच लागतो.

झाकणाच्या आतील सेन्सर माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडतो आणि त्या कचऱ्यावर आपटून परत येण्यास लागलेल्या वेळेवरून डबा किती भरला आहे हे मोजून मोबाइल नेटवर्क किंवा लोरावॅनसारख्या कमी वीज लागणाऱ्या यंत्रणेद्वारे कळवतो. त्यानुसार गाडीचा मार्ग रोज नव्याने आखला, तरच डिझेल वाचते. नुसता सेन्सर बसवून काहीही साधत नाही.

फसगतही होते. न दुमडलेले एखादे खोके आडवे अडकले की रिकामा डबा भरलेला दिसतो आणि कचरावेचकांनी बाटल्या काढून नेल्या (शहरातील बरेचसे पुनर्चक्रीकरण त्यांच्याच हातून होते) की सकाळचा आकडा दुपारी खोटा ठरतो. पावसाळ्यात सेन्सरवर साचणारे पाणी आणि घाण पुसण्याची जबाबदारी कंत्राटातच नमूद करावी. दादर स्थानकाबाहेरच्यासारख्या गजबजलेल्या ठिकाणी, जिथे डबे रोज भरतातच, तिथे हा खर्च व्यर्थ आहे. अनियमित भरणाऱ्या, विशेषतः गृहनिर्माण संस्थांमधील डब्यांपासून सुरुवात करणे योग्य.