चाप जड लागतो म्हणून स्प्रिंग कापावी का?

प्रश्न : माझ्याकडे परवान्याचं .२२ रिव्हॉल्व्हर आहे. घोडा न चढवता चाप ओढला की फार जड लागतो, कधी मध्येच अडकतो. मेनस्प्रिंगचे (घोड्याला जोर देणाऱ्या स्प्रिंगचे) दोन वेढे कापले की हलका होईल, असं एकाने सुचवलं. करू का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : नको. .२२ च्या काडतुसात मसाला बुडाच्या कडेच्या घडीत असतो. ठोका देणाऱ्या पिनने ती पितळी कड चेंबरच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या घराच्या, काठावर चेपली तरच तो पेटतो, आणि तेवढा जोर मेनस्प्रिंगच देते. डबल अ‍ॅक्शनला, म्हणजे घोडा न चढवता चाप ओढताना, साडेचार-पाच किलो ओढ म्हणजे काही बिघाड नव्हे. स्प्रिंग कापलीत की बोटाला बरं वाटेल, पण काडतुसं फुसकी जायला लागतील आणि दोष मात्र काडतुसांवर जाईल.

अडकणं हा वेगळा आजार. बहुतेक वेळा तो मळाचा असतो. रिव्हॉल्व्हर रिकामं करा, प्रत्येक चेंबर डोळ्याने पाहा, बोटाने चाचपा. मग एजेक्टरची, म्हणजे टरफलं बाहेर ढकलणाऱ्या दांड्याची, चांदणी वर ढकलून तिच्या खालची बैठक बघा. तिथे अर्धवट जळालेल्या दारूचे चारदोन कण असले, तरी चांदणी केसभर वर राहते, काडतुसांची बुडं मागच्या पोलादाला घासतात आणि सिलिंडर फिरवायचा भार बोटावर येतो. दात घासायच्या जुन्या ब्रशने कोरडंच झाडा. तेल लावलंत तर कण पुन्हा चिकटतील. टरफलं काढताना नळी आभाळाकडे धरायची, म्हणजे कण खाली गळून पडतात.

चेंबरही पितळी ब्रशने घासा. शिसं आणि मेण साचलं की काडतूस शेवटपर्यंत बसत नाही. पहिला ठोका त्याला पुढे सारण्यातच खर्च होतो, दुसऱ्याला ते उडतं. असं होत असेल तर स्प्रिंगला हात लावायचं कारणच नाही. आणि तुमच्याकडे लूमचा बारीक कापूस हवेतच असतो. आत तेल ओतलंत की त्याचा लगदा होतो. एखादा थेंब पुरे.

एवढं करूनही जड वाटलं, तर रिकाम्या हत्याराच्या चापाला स्प्रिंग काट्याचा आकडा अडकवून प्रत्येक चेंबरची ओढ मोजा आणि कागदावर लिहा. एखाद्याच चेंबरला आकडा चढत असेल तर घासणी तिथेच आहे. हा कागद घेऊन परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जा. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो. त्याला घासणारे पृष्ठभाग गुळगुळीत करायला सांगा, चढवलेला घोडा अडकवून धरणाऱ्या खाचेचा कोन बदलायला नाही. ती खाच बिघडली तर चढवलेला घोडा धक्क्यानेही पडू शकतो.

प्रश्न : घरी रिकामा चाप ओढून सराव चालेल?

उत्तर : पुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल तर नाही. काडतूस नसलं की अनेक मॉडेलांत पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते. तिथे खळगा पडून धातू आत उचलला जातो, मग काडतूस आत जाताना अडतं. झाडलेली टरफलं घाला, जुनी खूण पिनखाली येणार नाही अशी फिरवून, आणि कड चेपली की बदला. सराव चालू असताना खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात.