कंपनीचं दार वाजवण्याआधी

आम्ही सांगलीत अभियांत्रिकी शिकणाऱ्या चार मैत्रिणी. बेदाण्यातला ओलावा मोजणारं यंत्र केलंय. पुण्या-मुंबईच्या अन्नप्रक्रिया कंपन्यांना वीसेक मेल केले, एकाचंही उत्तर नाही. काय चुकतंय?

पत्ता चुकलाय, मुलींनो. तुमचं पहिलं गिऱ्हाईक तासगावातच आहे. बेदाण्याच्या सौद्यात एकदा सकाळी जाऊन उभ्या राहा. व्यापारी बॉक्समध्ये हात घालतो, मूठभर माल तळहातावर दाबून बघतो, एक दाणा दाताखाली धरतो आणि भाव बोलतो. तुमची स्पर्धा त्या तळहाताशी आहे, आणि तो तीस-तीस वर्षं मुरलेला असतो.

तेव्हा एखाद्या शीतगृहवाल्याला किंवा निर्यातदाराला गाठा. तीस बॉक्स मागा. आधी त्यांचा अंदाज लिहून घ्या, मग यंत्राचा आकडा, मग प्रयोगशाळेचा. तिन्ही एकाच कागदावर. हा कागद घेऊन गेलात, तर कंपनीचा गुणवत्ता विभाग तुमचं ऐकून घेईल. आणि मेल करायचाच तर मालकाऐवजी त्या विभागाच्या माणसाला करा. परत आलेल्या मालाचा मनस्ताप त्यालाच होतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलच्या माळावर कारखाना उभारला, पण त्याआधी त्यांच्या लोखंडी नांगरावर शेतकऱ्यांचा विश्वास बसायलाही वेळ लागलाच होता. तुम्हाला एक हंगाम लागला तर खचू नका.

कुपवाड एमआयडीसीतली एक कंपनी आमचं बेअरिंगची कंपनं टिपणारं उपकरण सहा महिने फुकट वापरून बघते म्हणाली. ड्रॉइंगही मागतेय. शिवाय 'हक्क तुमचा की कॉलेजचा?' असं विचारलं. द्यावं का?

उपकरण द्या, ड्रॉइंग देऊ नका. आणि फुकट तर मुळीच नको. दोन मशीन, आठ आठवडे, थोडी का होईना पण रक्कम, आणि 'इतकं साधलं तर पुढची ऑर्डर' असं लेखी घ्या. पैसे मोजलेल्या चाचणीकडे फोरमन लक्ष देतो. फुकटचं उपकरण कपाटात जातं, हे मी फार वेळा पाहिलंय. मिळालेली माहिती कुणाची, तेही त्यात लिहा.

त्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करा. पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात. अर्जाआधी प्रदर्शनात सगळं उघड केलंत, तर नावीन्यच संपू शकतं.

कंपनीनं हक्काचं विचारलं ते रास्तच आहे. केंद्राच्या 2019 च्या विद्यार्थी-प्राध्यापक स्टार्टअप धोरणानुसार संस्थेची साधनं किंवा निधी बऱ्याच प्रमाणात किंवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून वापरला असेल, तर पेटंट संशोधक आणि संस्था यांचं संयुक्त असतं. इन्क्युबेशनच्या, म्हणजे नव्या उद्योगाला जागा, मार्गदर्शन अशा सोयी दिल्याबद्दल संस्था तुमच्या कंपनीत 2 ते 9.5 टक्के हिस्सा घेऊ शकते. तुमच्या कॉलेजनं हे धोरण कसं स्वीकारलंय ते बघा आणि प्राचार्यांच्या सहीचं पत्र घ्या. हे काम आजच करा. कंपनीच्या वकिलानं मागितल्यावर धावाधाव केलीत, तर जमलेला सौदा हातचा जातो.

कंपनीनं ऑर्डरवर पैसे द्यायची मुदत 90 दिवस लिहिलीय. आमचा तर पगारच निघणार नाही.

काम घेण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करा, ती मोफत आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करारात काहीही लिहिलेलं असो. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज. शिवाय मुदत टळली, तर त्या खर्चाची आयकरातली वजावट कंपनीला पैसे दिले त्याच वर्षी मिळते, म्हणून लेखा विभाग हे चटकन ऐकतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा, आणि माल पोचल्याची सही-शिक्क्याची पोच त्याच दिवशी घ्या.