वेलारियम: रोममधलं आणि समुद्रातलं

प्रश्न असा आहे: कोलोसियमवरच्या कापडी छताला 'वेलारियम' म्हणतात, आणि बॉक्स जेलीफिशच्या वर्णनातही हाच शब्द येतो. हा योगायोग, की एकच शब्द?

एकच. मूळ लॅटिन 'वेलुम' म्हणजे शीड, आणि पडदाही. रोमनांच्या बाबतीत शीड हा अर्थ अगदी शब्दशः घ्यावा, कारण कोलोसियमवरचं हे कापड ओढायला मिसेनुम या नाविक तळावरच्या रोमन आरमारातले खलाशी ठेवलेले असत. सर्वांत वरच्या मजल्यावर डोलकाठ्या अडकवायचे सुमारे २४० दगडी टेकू होते. पाँपेई या रोमन शहरात खेळांच्या जाहिराती भिंतींवर रंगवत, त्यात 'वेला एरुंत' असं आवर्जून लिहिलेलं सापडतं, म्हणजे 'वर कापड असेल'. प्रेक्षकांसाठी ही मोठीच सोय. कोलोसियमच्या आधीचा सम्राट कॅलिग्युला मात्र खेळांच्या वेळी ऐन उन्हात असं कापड काढायला लावी आणि कुणाला बाहेर जाऊ देत नसे, असं रोमन चरित्रकार सुएटोनिअसने लिहून ठेवलंय.

आता बॉक्स जेलीफिशकडे वळू. तिच्या छत्रीसारख्या शरीराच्या कडेला आतल्या बाजूने वळलेली पातळ झालर असते आणि मधे भोक राहतं. ही झालर म्हणजे तिचं वेलारियम. छत्री आकसली की पाणी या अरुंद तोंडातून जोराने बाहेर फेकलं जातं आणि प्राणी पुढे सरकतो. बॉक्स जेलीफिश इतर बहुतेक जेलीफिशपेक्षा वेगाने पोहतात, त्यात या झालरीचा वाटा मोठा.

गंमत पुढे आहे. हायड्रोझोआ गटातल्या छोट्या जेलीफिशनाही अशीच झालर असते, पण तिला प्राणिशास्त्रात 'वेलुम'च म्हणतात. बॉक्स जेलीफिशच्या झालरीत पचनपोकळीच्या नळ्या शिरलेल्या असतात, हायड्रोझोआच्या झालरीत नसतात. रचना वेगळी म्हणून नाव वेगळं. रोमन माणसाने मात्र 'वेला' आणि 'वेलारिया' यांत असली काटेकोर वाटणी केली नव्हती. छतासाठी दोन्ही चालत.

(क, ख, ग यांना भाषाशास्त्रात 'वेलर' म्हणतात, तेही याच वेलुमवरून. तिथे तो टाळूचा मागचा मऊ पडदा.)

मराठीत काय म्हणावं? कोलोसियमपुरता 'चांदवा' मला आवडतो. जेलीफिशसाठी 'झालर' समजावून सांगायला ठीक आहे, पण पाठ्यपुस्तकात वेलुम आणि वेलारियम हेच ठेवावेत. दोन्हींना 'पटल' म्हटलं, तर ज्या फरकासाठी दोन नावं केली तोच पुसला जाईल.