गावाकडून शहरात आलेल्याने कपडे बदलावेत का? कपड्यांमुळे खरंच आत्मविश्वास वाढतो का?

पुण्यात नोकरीला लागून तीन महिने झाले, ऑफिसातली मंडळी कपड्यांवरून 'गावचा' म्हणतात, तर सगळे कपडे बदलून टाकू का आणि किती खर्च करू, असं तुम्ही विचारलंय. कपड्यांनी आत्मविश्वास वाढू शकतो, असं मला वाटतं. पण लपण्यासाठी घातलेला कपडा असेल तर होता तोही जातो. माझा आत्मविश्वास असाच वर्षभर गेला होता.

मी रावेर तालुक्यातला. वडील केळीच्या कापणीला जायचे. आमच्याकडे चिकाबद्दल कुणाला सांगावं लागत नाही, तुमच्या ऑफिसवाल्यांना माहीत नसेल. घड कापला की दांड्यातून पाण्यासारखा चीक गळतो. अंगावर पडतो तेव्हा दिसतसुद्धा नाही. वाळला की तपकिरी होतो आणि मग कपडा फाटेल, पण डाग जाणार नाही. 1994 मध्ये दहावीची परीक्षा देऊन मी वडिलांबरोबर कापणीला जायला लागलो. एक दिवस जुना शर्ट ओला होता म्हणून चांगला पांढरा घातला. खांद्यावर पोतं टाकलं होतं, तरी डाव्या खांद्यावर तळहाताएवढा डाग पडला. आईने लिंबू चोळलं, रॉकेल लावलं, सोड्यात उकळला. कापडाचा दम गेला, डाग तिथेच.

मामा तेव्हा जळगावला नोकरीला. तो म्हणाला, "कॉलेजात पाय ठेवल्या ठेवल्या सगळ्यांना कळेल, मजुराचा पोरगा आला." शर्ट घेऊन मला सावद्याच्या टेलरकडे नेलं. टेलरने डागाची खांद्याची पट्टी उसवली, शर्टाच्या मागच्या बाजूच्या खालच्या टोकातून चार इंच कापड काढलं आणि त्याचीच नवी पट्टी बसवली. काम सुबक होतं. पँटमध्ये खोचलेला भाग उन्हात येत नाही, त्यामुळे नवी पट्टी बाकीच्या शर्टापेक्षा पांढरी दिसत होती, एवढंच. आई म्हणाली, "आता कोनाले समजतबी नाही."

नाहीच समजलं. पण शर्ट मागून आखूड झाला. हात वर केला की पँटीतून बाहेर यायचा आणि कंबर उघडी पडायची. शाळेत पहिला हात माझा असायचा. अकरावीत मी अख्खं वर्ष हात वर केला नाही. एकदा सरांनी विचारलं, उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त का बसतो? वर्ग गप्प. सुप्त उष्णता, मला येत होतं. कोपरं बाकाला चिकटवून बसून राहिलो. शेवटी सरांनीच फळ्यावर लिहिलं.

पुढच्या सुट्टीत मजुरीच्या पैशातून आकाशी कापड घेतलं. टेलर तोच, फक्त सांगितलं, लांबी दोन इंच जास्त ठेवा. त्या शर्टावरही बाहीला चीक पडलाच. तसाच घालून बारावीच्या वर्गात गेलो. शेजारच्याने बाही बघितली आणि आपली कॉलर उलटून दाखवली. तिथेही डाग! निम्म्या वर्गाच्या घरी बाग नाहीतर कापणी होती. मामाने जळगावात बसून ज्या लोकांची भीती घातली होती, ते त्या वर्गात नव्हतेच.

मामा अजून म्हणतो, त्या शर्टानं तुला माणसात आणलं. बाबासाहेबांच्या सुटाचं उदाहरण देतो. अरे, बाबासाहेबांचा सूट लपण्यासाठी नव्हता. ज्यांना नीटनेटकं राहूच दिलं जात नव्हतं त्यांनी ताठ उभं राहावं, असं तो सूट बघणाऱ्याला सांगत होता. गांधीजींनी 1921 मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला आणि 1936 च्या फैजपूर काँग्रेसला, म्हणजे आमच्या दारात, त्याच पंचात आले. एकाचा सूट, एकाचा पंचा. दोघांनीही ठरवून घातलं, आपण कोण ते झाकायला नाही.

2012 मध्ये अमेरिकेत अ‍ॅडम आणि गॅलिन्स्की या संशोधकांचे प्रयोग गाजले. पांढरा कोट एकच, पण डॉक्टरचा म्हणून घातला तर लोकांचं लक्ष जास्त लागलं, रंगकाम करणाऱ्या चित्रकाराचा म्हणून घातला तर नाही. मला ते पटतं, कारण माझ्या अंगावरचा शर्ट मला रोज 'लपवलेला शर्ट' म्हणूनच माहीत होता. (त्यांचा पहिला प्रयोग नुसता कोट घातलेले आणि न घातलेले यांच्या तुलनेचा होता. तो 2019 मध्ये मोठ्या गटावर पुन्हा केला तेव्हा कोटाचा परिणाम दिसला नाही, हेही सांगून ठेवतो.)

तुमचं म्हणाल तर सगळं बदलू नका. खांदा नीट बसणारे दोन सुती शर्ट शिवून घ्या किंवा मापाचे विकत घ्या, आणि घेताना दुकानातच दोन्ही हात पूर्ण वर करून बघा. ब्रँडवर पैसे घालण्यापेक्षा इस्त्रीवर घाला. मुलाखतीला किंवा मोठ्या साहेबांसमोर जायचं असेल तर तिथली रीत पाळा, त्यात कमीपणा नाही. मुलींचं मात्र वेगळं आहे, त्यांच्या कपड्यांवर बोलणारे घरापासूनच सुरू होतात, तिथे माझा अनुभव चालणार नाही.

आणि 'गावचा' म्हणणाऱ्याला गावाचं नाव सांगा, पूर्ण, तालुक्यासकट. मी भुसावळला शिकवतो. वर्गात कुणाच्या बाहीवर तपकिरी डाग दिसला की मी पहिला प्रश्न त्यालाच विचारतो. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, पोराला लाजवतोस. गेल्या वर्षी त्यातल्या एकाने उत्तर द्यायला दोन्ही हात वर केले होते.